खिद्रापूरला पहिल्यांदा जाताय? मग दिवस उजेडावर आखा

कोल्हापुरात पाहुणे आले की बेत ठरलेला असतो. सकाळी अंबाबाई, संध्याकाळी रंकाळा, दुसऱ्या दिवशी पन्हाळा आणि जोतिबा. मग कुणीतरी विचारतं, "ते खिद्रापूर म्हणतात ते लांब आहे का हो?" तसं फार लांब नाही. शहरापासून पूर्वेला साठ-पासष्ट किलोमीटर. शिरोळ तालुक्याचं अगदी टोक. कृष्णा या गावाला वळसा घालून पुढं जाते आणि समोरच्या काठावर कर्नाटक सुरू होतं. उसाच्या फडांत दडलेलं लहानसं गाव, आणि त्यात बाराव्या शतकातलं कोपेश्वराचं देऊळ.

गडबड होते ती वेळेची. लोक आधी नरसोबावाडी करतात, तिथंच जेवतात, सावलीला जरा टेकतात आणि चारच्या सुमाराला खिद्रापुरात पोहोचतात. देऊळ पूर्वाभिमुख. म्हणजे त्या वेळी दर्शनी बाजू सावलीत गेलेली, आतला सभामंडप मिट्ट काळा, आणि पोरांना घरी जायची घाई. देवळापुढच्या उघड्या छताच्या स्वर्गमंडपात, गोल झरोक्याखाली मान वर करून एक फोटो, आणि झालं खिद्रापूर! तेव्हा माझं सांगणं एवढंच, की क्रम उलटा करा. सकाळी थेट खिद्रापूर गाठा, वाडी परतीच्या वाटेवर ठेवा. दत्ताचं दर्शन संध्याकाळी घेतलं म्हणून काही बिघडत नाही.

कोणत्या दिवसांत जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऊन सोसतं, नदी संथ असते आणि कलत्या सूर्यामुळं कोरीवकाम उठून दिसतं. मार्चपासून दगड तापायला लागतो. देवळात अनवाणी फिरायचं असतं, हे घरातून निघताना कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाराला काळ्या फरशीवर पाय टेकवत नाही. त्या दिवसांत जायचंच असेल तर पिशवीत जाड मोजे टाका. म्हाताऱ्या माणसांना तर हवेतच.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. पंचगंगा वाडीला कृष्णेला मिळते, दूधगंगा त्याच्या पुढं, आणि हा सगळा मुलूख ताटासारखा सपाट. पाणी चढायला लागलं की रस्ते आधी बुडतात, गावं नंतर. जुलै-ऑगस्टमध्ये बेत असेल तर निघायच्या आधी कोल्हापूरच्या कुठल्याही पेपरात नद्यांची पाणीपातळी बघा. त्यात राजापूर बंधारा आणि नृसिंहवाडी, म्हणजे आपली नरसोबावाडीच, अशी दोन नावं असतात. राजापूर बंधारा हा खिद्रापूरच्या अगदी शेजारचा, तेव्हा तो आकडा तुमच्या कामाचा. आणि वाडीला दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा सुरू असल्याची बातमी आली, तर श्रद्धेनं वाडीपर्यंत जाऊन या, खिद्रापूरचं नाव काढू नका.

गर्दी नको असेल तर श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि त्रिपुरारी पौर्णिमा टाळा. गर्दीच बघायची असेल तर त्रिपुरारीसारखी रात्र नाही. त्याबद्दल पुढं सांगतो.

जायचं कसं

आपली गाडी असेल तर दोन वाटा आहेत. एक सांगली रस्त्यानं हातकणंगले, जयसिंगपूर, तिथून शिरोळ, नरसोबावाडी, कुरुंदवाड. दुसरी इचलकरंजीवरून शिरढोण करून कुरुंदवाड. पहिली ओळखीची आणि रुंद, दुसरीत इचलकरंजीची गर्दी पार करावी लागते. नवख्या माणसानं जयसिंगपूरवरूनच जावं. जाताना गावातून एक चक्कर मारायला हरकत नाही. शाहू महाराजांनी वडिलांच्या, म्हणजे जयसिंगराव घाटगे यांच्या नावानं वसवलेलं हे गाव. आखून काढलेल्या सरळ गल्ल्या, आणि त्यांना आजही नंबरानंच ओळखतात. पत्ता विचारला तर "सातव्या गल्लीत जावा" असंच उत्तर येतं.

कुरुंदवाड हे पटवर्धनांचं जुनं संस्थान. इथं गाडीत पेट्रोल आहे ना ते बघून घ्या, एटीएमचं काम उरका, पाण्याच्या बाटल्या भरा. यापुढं रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना ऊस. अकिवाट, टाकळी, राजापूर अशी गावं या पट्ट्यात आहेत. टाकळीला सगळे सैनिक टाकळी म्हणतात, कारण इथल्या पोरांनी पिढ्यानपिढ्या फौजेची वाट धरली आहे. मोबाइलवरच्या नकाशाला इथं जरा जपून. नदी वळणं घेत जाते, त्यामुळं नकाशात हाकेवर दिसणारं ठिकाण पलीकडच्या काठावर असू शकतं. फाट्यावर शंका आली तर गाडी थांबवा, काच खाली करा आणि विचारा, "अण्णा, खिद्रापूरला हाच रस्ता का?" या भागात अनोळखी थोरल्या माणसाला अण्णा किंवा मामा म्हटलं की चालतं, बाईमाणसाला आक्का किंवा मावशी. उत्तराबरोबर पुढच्या दोन वळणांचा तपशील फुकट मिळतो.

एसटीनं जायचं तर कोल्हापूरच्या मध्यवर्ती स्टँडवरून कुरुंदवाडची गाडी पकडा. कुरुंदवाडला आगार आहे, तिथून खिद्रापूरची गाडी बदलायची. रेल्वेनं यायचं असेल तर कोल्हापूर-मिरज मार्गावर जयसिंगपूरला उतरा, पुढं पुन्हा एसटी. कुरुंदवाडच्या स्टँडवर जाण्याची वेळ विचाराल त्याच दमात परतीचीही विचारा, आणि खिद्रापुरात उतरताना कंडक्टरकडून ती पक्की करून घ्या. शेवटची गाडी चुकली तर उसाच्या ट्रॅक्टरवर बसून यावं लागेल. तेही वाईट नाही म्हणा, पण लहान मुलं बरोबर असतील तर नको.

कोल्हापुरातून सहा-साडेसहाला निघालात तर आठ-साडेआठला देवळाच्या दारात असाल. ही वेळ चुकवू नका.

देवळात कुठून सुरुवात करायची

पोहोचल्या पोहोचल्या आत जायचा मोह होतो. जरा थांबा. चपला काढा आणि आधी बाहेरून एक पूर्ण फेरी मारा, डाव्या हातानं, प्रदक्षिणेच्या वाटेनं. बाहेरची भिंत सरळ नाही, कोनाकोनांत मोडत जाते. त्यामुळं सकाळच्या तिरप्या उन्हात एक कोन उजळतो आणि शेजारचा काळोखात जातो. तळाशी हत्तींची रांग आहे. नव्वदच्या वर हत्ती. सगळं देऊळ आपल्या पाठीवर तोलून धरल्यासारखे ते देवळाकडं पाठ करून उभे आहेत. बऱ्याचजणांच्या सोंडा तुटलेल्या, काहींचं डोकंच गेलेलं. वर भिंतीतल्या मूर्तींचेही चेहरे आणि हात फोडलेले. गावात ही मोडतोड औरंगजेबाच्या काळातली म्हणून सांगतात.

फुटलेलं बघून हळहळणं साहजिक आहे, पण त्यातच अडकू नका. हत्तीच्या गळ्यातली घंटांची माळ, पाठीवरची झूल, पायाच्या नखांची कड, हे पुष्कळ ठिकाणी शाबूत आहे. एकच हत्ती निवडा आणि त्याच्याजवळ बसकण मारा. मग शेजारचा बघा. ठोकळेबाज पद्धतीनं एकासारखा दुसरा कोरलेला नाही, हे तेव्हा कळतं.

थंडीच्या दिवसांत दक्षिणेची भिंत दिवसभर उन्हात असते आणि उत्तरेची दिवसभर सावलीत. फोटो काढणाऱ्यांनी दक्षिण बाजू सकाळी नऊ-दहापर्यंत उरकावी. ऊन वर चढलं की सावल्या आखडतात आणि कोरीवकाम सपाट दिसतं. उत्तर बाजूला घाई नाही, तिथला उजेड दिवसभर सारखाच मऊ.

फेरी संपली की पूर्वेकडून स्वर्गमंडपात या. देवळाच्या दारापुढं असलेला हा वेगळा गोल मंडप. ४८ खांब, आणि मधोमध छताला सुमारे १३ फुटांचं वर्तुळाकार उघडं तोंड. त्याच्या बरोबर खाली तेवढ्याच आकाराची एकसंध गोल शिळा. तिला चंद्रशिला म्हणतात, कुणी रंगशिलाही म्हणतात. सगळ्यात आतल्या रिंगणात १२ खांब. शिळेच्या मध्यावर उभं राहून वर बघितलं तर वर्तुळाच्या काठाशी देव आपापल्या वाहनांवर बसून आलेले दिसतात. रेड्यावर यम, हत्तीवर इंद्र, मोरावर कार्तिकेय. दिशांचे देव ओळखायचे असतील तर आधी पूर्व कुठली ते ठरवा, ती तर समोरच्या वाटेनं कळतेच. मग यम दक्षिणेला शोधायचा. मुलं बरोबर असली तर त्यांना हे काम लावून द्या, अर्धा तास सहज निघतो.

हे छत उघडं का? होमाचा धूर जायला, असं एक उत्तर मिळतं. छत पुरं करायचं राहून गेलं, असंही कुणी म्हणतं. मला दुसरं पटत नाही. कड इतकी सफाईनं बांधलेली आहे की ती अर्धवट सोडलेली वाटत नाही. तुम्ही बघा आणि ठरवा.

या वर्तुळातून आत पडणारा उजेड हाच खिद्रापूरचा खरा सोहळा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, त्यामुळं दुपारचा उजेडाचा गोल उत्तरेकडं सरकून खांबांवर चढतो. मेच्या पहिल्या आठवड्यात मात्र कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या दिवसांत साडेबाराच्या सुमाराला गोल सरळ शिळेवर उतरतो. पाय भाजतील, पण मोजे सांगितलेत ना.

चंद्राचं गणितही यातूनच सुटतं. पौर्णिमेचा चंद्र आकाशात सूर्याच्या समोर असतो. कार्तिकात सूर्य दक्षिणेला गेलेला, म्हणून त्या पौर्णिमेचा चंद्र उत्तरेला चढून मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो आणि स्वर्गमंडपाच्या वर्तुळात दिसतो. दरवर्षी तो अगदी केसाच्या अंतरानं मध्यावर येईलच असं नाही, कारण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेपेक्षा थोडी कललेली आहे. पण वर्तुळ मोठं आहे, तो त्यात सापडतोच. हिशोबानं पुढची मार्गशीर्षातली पौर्णिमाही फार दूर पडत नाही. तरी उत्सव त्रिपुरारीचा, दिवे त्रिपुरारीला, माणसं त्रिपुरारीला. त्या रात्री जाणार असाल तर गाडी गावाबाहेरच लावावी लागेल हे धरून चाला. मुलांचा हात सोडू नका. आणि मध्यरात्रीनंतर सगळे एकदम निघतात, त्या अरुंद रस्त्यावर घाई करू नका.

आता खांब. स्वर्गमंडपातला एखादा खांब खालून वर बघत जा. खाली चौकोनी, मग कोन वाढत जातात, वर गोल, आणि गोल भागावर बारीक कंगोरे एकावर एक. या कंगोऱ्यांच्या कडा आजही धारदार आहेत. काळा दगड, घासून आरशासारखा केलेला. हात लावायचा मोह आवरा, हजारो हातांचं तेल दगडावर बसतं. टेकून बसणाऱ्यांनाही कुणी ना कुणी हटकतं, ते बरोबरच आहे.

आत अंधार आहे, तो राहू द्या

स्वर्गमंडपातून पुढं सभामंडप. दाराच्या दोन्ही अंगांना दगडी जाळ्या आहेत. त्यातून येतो तेवढाच उजेड. आत पाऊल टाकलं की डोळ्यांपुढं काहीच दिसत नाही आणि लोक लगेच मोबाइलची बॅटरी लावतात. लावू नका. दाराशी एका बाजूला होऊन दोन-तीन मिनिटं नुसते उभे राहा. हळूहळू आधी जवळचे खांब दिसतात, मग वरची तुळई, मग खांबांच्या पलीकडचे खांब. बॅटरी लावली की जेवढ्यावर झोत पडतो तेवढंच दिसतं आणि बाकीचं आणखी काळं होतं. शिवाय आत कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असतं.

गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत. एक कोपेश्वर, दुसरं धोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह ठेवला, शंकर कोपला, विष्णूनं त्याची समजूत घातली, म्हणून कोपलेला शिव आणि समजावणारा विष्णू दोघंही इथं शेजारी-शेजारी, अशी कथा. नंदी शोधू नका, तो इथं नाही. सती माहेरी गेली ती नंदीवर बसून, म्हणून नंदी नदीपलीकडं यडूरला, असं कुणीही सांगेल. पुजारी किंवा गावातलं एखादं जुनं माणूस निवांत असेल तर ही गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका. प्रत्येकाच्या सांगण्यात एखादा टाका वेगळा असतो.

पूजेचं साहित्य बेतानं न्या. दगडावर तेल, गुलाल, हळद-कुंकू नको. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं हे संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, ड्रोन तर विचारूच नका. लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी आणि त्यांच्यामागं कपड्यांच्या बॅगा घेऊन फिरणारी फौज हा अलीकडचा प्रकार. देऊळ आहे, भक्त येतात, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

दगडावरची दोन भाषांची लिखापढी

हा भाग बहुतेकजण सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगतो. देवळात आणि बाहेरच्या भिंतीवर मिळून डझनभर शिलालेख आहेत. बरेचसे झिजलेले. एक सोडला तर बाकी सगळे कन्नडमध्ये. तो एक दक्षिणेच्या दाराजवळ बाहेरच्या भिंतीवर, संस्कृतात, देवनागरी लिपीतला. शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४. देवगिरीचा यादव राजा सिंघण याचा. त्यानं देवळाच्या पूजेअर्चेसाठी जमीनजुमला दिल्याची ती नोंद.

मागची हकीकत माहीत असेल तर तो दगड बोलायला लागतो. देऊळ उभं राहिलं ते कोल्हापूरच्या शिलाहार राजघराण्याच्या काळात, आणि त्यात त्यांच्यातल्या गंडरादित्य राजाचं नाव घेतलं जातं. शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज. १२१२ च्या सुमाराला सिंघणानं त्याचा पराभव केला आणि कोल्हापूरचं राज्य यादवांकडं गेलं. म्हणजे हा लेख मुलूख हाती आल्यावर एक-दोन वर्षांत कोरलेला. नवा धनी आला आणि त्यानं जुन्या देवळाला दान दिलं. आपण इथले कोण झालो हे सांगायला याहून सोपी जागा त्याला मिळाली नसती.

त्याही आधीची एक गोष्ट. चालुक्य राजा सोमेश्वर आणि चोळ राजा राजाधिराज यांची १०५४ साली कोप्पम इथं मोठी लढाई झाली आणि राजाधिराज हत्तीवरच मारला गेला. ते कोप्पम म्हणजे हेच गाव, असं काही अभ्यासक मानतात. कर्नाटकातल्या कोप्पळकडं बोट दाखवणारेही आहेत. गावात मात्र हा वाद नाही, त्यांच्या लेखी लढाई इथलीच.

देवळानंतर गाव

कोपेश्वराहून जवळच आदिनाथांचं जुनं जैन मंदिर आहे. तेवढं भव्य नाही, म्हणून कुणी जात नाही, आणि म्हणूनच जावं. दर्शन घेताना कातडी पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवायची पद्धत जैन मंदिरांत असते, ती आधी विचारून पाळा. शिरोळ तालुक्यात जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी आहे, हे एकदा लक्षात आलं की घरांवरची नावं आणि गावची बोली यांचा उलगडा होतो.

गावात चालत फिरा. दुपारच्या आत कट्ट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतंच. नमस्कार केलात की पहिला प्रश्न ठरलेला.

"कुठनं आलासा?"

"कोल्हापूरहून, मामा."

"कोल्हापुरात कुठं?" आणि मग गल्लीपर्यंत चौकशी होऊन एखादा नातेवाईक निघतोच. "च्या घ्या की मग." नाही म्हणू नका. पण कप हातात आल्यावर पैसे पुढं करण्याची चूकही करू नका, चहा टपरीवरचा नसेल तर.

इथं घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि पाहुण्यांकडं गेलं की दोन्ही, असं चालतं. सीमेचा वाद १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून पेपरात गाजतो, सोयरिकी मात्र नदीच्या अलीकडं-पलीकडं होतच असतात. राजकारणावर मत विचारलं नाही तर आपलं मत सांगू नये, एवढं पथ्य पाळा. ऊस, पाणी आणि दर या तीन विषयांवर मात्र कितीही बोला. वर्षानुवर्षं पाटाचं आणि उपशाचं पाणी पाजून या तालुक्यातली बरीच काळी जमीन क्षारपड झाली आहे. येताना एखादं रान पांढरट, पिकावाचून पडलेलं दिसलं असेल तर ते त्यातलं. त्याबद्दल विचारलंत तर माणूस मनापासून बोलेल.

मग नदी. घाटाकडं उतरा, पायरीवर बसा, समोर जुगूळ, बेळगाव जिल्हा. तिकडं काठावर माणसं कपडे धुताना दिसतात, आवाजही ऐकू येतात. पाण्यात मात्र उतरू नका. कृष्णेच्या या पट्ट्यात मगरी आहेत, पाणी वरून संथ दिसलं तरी डोह खोल आहेत, आणि पावसाळ्यानंतर गाळानं पायऱ्या निसरड्या झालेल्या असतात. पाय धुवायचे तर गावातली माणसं जिथं उतरतात तिथंच, तेही वरच्या पायरीवर बसून तांब्यानं.

यडूरला जाऊन वीरभद्राचं आणि नंदीचं दर्शन घ्यायची इच्छा असेल तर तो वेगळा अर्धा दिवस धरा. यडूर चिकोडी तालुक्यात. रस्त्यानं जायचं तर दूधगंगा ओलांडून कर्नाटकात शिरावं लागतं. पलीकडं जायची जवळची वाट सध्या कुठून चालू आहे ते निघायच्या आधी गावातच विचारा, नदीचं पाणी आणि रस्त्याची कामं यावर ते ठरतं. एका दिवसात खिद्रापूर, यडूर आणि वाडी तिन्ही करायला गेलात तर तिन्ही धावतपळत होतात. पहिल्या खेपेला यडूर सोडा.

पोटाचं आणि पिशवीचं

गावात मोठी हॉटेलं नाहीत. चहा-नाश्त्याच्या पुढं फार अपेक्षा न ठेवता डबा बांधून आणावा. भाकरी, खर्डा, झुणका, दही आणि कांदा असला की बास. देवळाच्या आवारात मात्र डबा उघडू नका, नदीकडं झाडाखाली जागा मिळते. उरलेलं आणि कागद पिशवीत परत न्या. पाणी माणशी दोन लीटर तरी हवं. स्वच्छतागृहाची सोय बरोबरच्या आयाबायांसाठी कुरुंदवाडलाच बघून घेतलेली बरी. टोपी, मोजे, आणि खांबांचं वरचं काम बघायला लहान दुर्बीण असेल तर ती. घरात मुलांची खेळण्यातली असली तरी चालेल.

मुक्काम करायचा असेल तर नरसोबावाडीला करा. तिथं भक्तनिवास आणि लॉज आहेत. गुरुवार आणि पौर्णिमा सोडून जागा मिळायला अडचण येत नाही.

परतताना

साखर कारखान्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबरला सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो, म्हणजे नेमका आपल्या सहलीचाच काळ. या रस्त्यांवर उसाचे डबल ट्रेलर दिवसरात्र चालतात. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागलेली असतात, मागून वाजवलेला हॉर्न त्याला ऐकू जात नाही. ट्रेलरला मागं दिवा असेलच याची खात्री नाही आणि रस्त्यावर ओघळलेल्या उसावर दुचाकी घसरते. म्हणून चारच्या आत खिद्रापूर सोडा आणि दिवस मावळायच्या आधी वाडीला लागा. ओव्हरटेक करताना पहिला ट्रेलर संपला म्हणजे ट्रॅक्टर आला असं समजू नका, पुढं दुसरा असतो.

हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणखी एक गोष्ट बघावी लागते. जयसिंगपूरला ऊस परिषद भरते आणि दर ठरेपर्यंत आंदोलन चालतं. चक्का जाम असेल तर सकाळच्या बातम्यांत कळतं. अडकलातच तर गाडी बाजूला घ्या, आंदोलकांशी हुज्जत घालू नका. दवाखान्याचं काम असेल तर तसं सांगा, वाट करून देतात.

वाडीला संगमावर पाय धुऊन दर्शन घ्या. बाहेर बासुंदी, कंदी पेढे आणि कवठाची बर्फी मिळते. बर्फी घेताना तुकडा चाखून घ्या, कवठाचा आंबटपणा लागला पाहिजे, नुसती साखर लागली तर पुढच्या दुकानात जा. कृष्णाकाठची वांगी दिसली तर किलोभर बांधून घ्या. देठ हिरवा आणि काटेरी असेल ती घ्या, आणि गाडीत पेढ्यांच्या वर ठेवू नका.